रजिस्ट्री सापडत नाही? आधी जुन्या सातबाऱ्यावरचा गोल आकडा बघा

विदर्भात वावराची रजिस्ट्री, म्हणजे नोंदवलेलं खरेदीखत, हरवली की माणूस आधी पोलिस ठाण्यात धावतो. थोडं थांबा. तक्रारीत आणि पेपरातल्या जाहीर नोटिशीत दस्त क्रमांक, तारीख, मौजा, सर्व्हे नंबर लिहायचे असतात आणि नेमका दस्त क्रमांकच घरात कुणाला ठाऊक नसतो. तो नसेल तर तक्रार मोघम राहते आणि पुढे खरेदीदाराचा वकील तिच्यावर बोट ठेवतो.

क्रमांकाचा माग सातबाऱ्यात असतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या, हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल काढा. मालकाच्या नावाजवळ गोलात एक आकडा दिसेल, समजा ४१२. हा फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा आकडा. आता त्याच मौजाच्या गाव नमुना सहामधली, म्हणजे फेरफार वहीतली, ४१२ ची नोंद मागा. कुणी, कुणाला, किती रुपयांत आणि कोणत्या तारखेच्या दस्ताने वावर दिलं, हे पटवाऱ्याने तिथे लिहिलेलं असतं. दस्त क्रमांक बहुतेक वेळा इथेच हाती लागतो. नाही लागला तरी वर्ष आणि दोन्ही पक्षांची नावं मिळतात. तेवढ्यावर दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ चा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घेता येतो. वडिलांचं नाव आणि ‘उर्फ’ नावही अर्जात लिहा. जुन्या सूचीत नाव कोणत्या रूपात चढलं असेल याचा नेम नसतो.

‘डुप्लिकेट रजिस्ट्री काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. मिळते ती प्रमाणित नक्कल, आणि ती अर्ज करून, फी भरून तुम्हालाच मिळते. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला ती चालते. नक्कल हाती आल्यावर मग पोलिसांत तक्रार, जाहीर नोटीस आणि प्रतिज्ञापत्र करा. मूळ कागद कुठे गहाण पडलेला नाही ना, हेही याच वेळी पाहा. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यातला बोजा वाचा आणि घरच्या जुन्या कर्जाच्या बँकेत, सोसायटीत विचारा.

शोध अडतो तो बरेचदा कार्यालयाच्या पत्त्यावर. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. तालुकेही फुटले. दस्त झाला त्या वर्षी गाव कोणत्या तालुक्यात होतं ते आधी काढा, कारण दस्तांची वही जुन्याच कार्यालयात असू शकते.

दुसरी अडचण क्षेत्राची, आणि तिच्यावरून धुऱ्याची भांडणं पेटतात. वऱ्हाडातल्या जुन्या कागदांत एकर-गुंठे, तर नागपूर-भंडारा-चंद्रपूरकडे एकर-डिसमिल (डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग). ‘४.२०’ म्हणजे चार एकर वीस गुंठे धरलं तर १.८२ हेक्टर, आणि चार एकर वीस डिसमिल धरलं तर १.७० हेक्टर. बारा आर जमिनीचा फरक पडतो. दस्तातल्या चतुःसीमा आणि भूमी अभिलेखचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय आकडा बदलून घेऊ नका.

काही वावरांची रजिस्ट्री कधी झालेलीच नसते. पूर्व विदर्भातली मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, १९५१ मध्ये संपली. त्या भागात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा मुळाचा कागद. कुळाला मिळालेल्या जमिनीसाठी विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्याखालचं खरेदी प्रमाणपत्र शोधा. भूदानाची जमीन असेल तर तिच्या हस्तांतरावर बंधनं आहेत, ती विकत घेण्याआधी तहसीलमध्ये खात्री करा.

सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे साध्या स्टँपवर किंवा इसारचिठ्ठीवर घेतलेलं वावर. ताबा चाळीस वर्षांचा असला तरी तेवढ्या कागदाने मालकी येत नाही. तहसीलदार मालकीचा निवाडा करू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तो लेखनातली चूक तेवढी दुरुस्त करतो. बारा वर्षांच्या विरोधी ताब्याचा, म्हणजे मालकाच्या संमतीविना ठेवलेल्या ताब्याचा, दावा दिवाणी न्यायालयात चालतो, पण पैसे देऊन घेतलं म्हणणाऱ्याला तो सहज लागू होत नाही, कारण तो ताबा संमतीचा ठरतो. विकणाऱ्याचे वारस राजी असतील तर त्यांच्याकडून नवीन खरेदीखत नोंदवून घेणं हाच जवळचा रस्ता. मुद्रांक आजच्या बाजारमूल्यावर लागेल, तो भरा. आणि सह्या लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही घ्या; एक सही राहिली की तिच्या हिश्श्यापुरतं खत अपुरं राहतं.