प्लोडियाची तिसरी बॅच, दिवस ३१: पाठीवरच्या ठिपक्याने काम केलं

मंडळी, घरी वाढवत असलेल्या प्लोडियाचं (साठवलेल्या धान्यात होणारा छोटा पतंग) अपडेट द्यायला उशीर झाला, पण भटक्या अळ्यांचा, म्हणजे खाणं सोडून कोषासाठी जागा शोधणाऱ्या अळ्यांचा टप्पा सुरू झाला की बरणीसमोरून उठवतच नाही.

सेटअप तोच, खाद्य म्हणून कोंडा, ग्लिसरीन आणि मध, तापमान २८ अंशांच्या आसपास. बदल दोनच. झाकणाला प्लास्टिकऐवजी बारीक स्टीलची जाळी, कारण मागच्या वेळी मोठ्या अळ्यांनी पातळ प्लास्टिक कुरतडून भोकं पाडली होती. आणि लाईट रोज १६ तास, कारण दिवस लहान आणि गारवा असला की पूर्ण वाढलेल्या अळ्या कोषात न जाता तशाच झोपी जातात, डायपॉज. दुसऱ्या बॅचमधल्या काही दोन महिने हलल्याच नाहीत.

अंडी चौथ्या दिवशी फुटली, मग दोन आठवडे नुसतं जाळं वाढताना दिसत होतं, कोंड्याचे कण रेशमाने एकमेकांना चिकटत गेले. १८व्या दिवशी पहिली अळी काचेवर चढली आणि दोन दिवसांत जवळपास सगळ्याच निघाल्या, खाणं सोडून वर वर, मागे रेशमाचा धागा सोडत, फटी शोधत. म्हणून खोक्याच्या लहरी पुठ्ठ्याची पट्टी आत ठेवा, तिच्या नळ्यांत शिरून त्या कोष विणतात आणि मोजायला खूप सोपं जातं. माझ्या पट्टीत ६४ सापडल्या.

आता मुख्य गोष्ट. शेवटच्या अवस्थेतल्या नर अळीच्या पाठीवर, पोटाच्या पाचव्या खंडाजवळ गडद ठिपका दिसतो. ती तिची वृषणं, फिक्या कातडीतून दिसणारी. कोंड्यावर वाढलेल्या अळ्या पांढुरक्या असतात त्यामुळे साध्या लुपनेही (हातातल्या भिंगाने) दिसतो (गुलाबी किंवा हिरवट अळ्यांमध्ये मला तो पटकन ओळखता येत नाही). ठिपकेवाल्या वेगळ्या ठेवल्या, २९ नर, ३५ माद्या, आणि काल निघालेल्या पतंगांत एकही चूक नाही!! फार आनंद झाला.

काल संध्याकाळी त्यामुळेच कुमारी माद्यांचं कॉलिंग नीट बघता आलं. मादी एका जागी बसते, पोटाचं टोक वळवून पंखांच्या मधून वर काढते आणि गंध सोडत राहते, बराच वेळ, अजिबात न हलता. एक नर सोडला तर तो पंख फडफडवत चालतच तिच्यापर्यंत गेला. हे पतंग खात नाहीत, जे काही आहे ते अळीपणी साठवलेलं, त्यामुळे हातात थोडेच दिवस आहेत.

आज एक जोडी काळ्या कागदावर ठेवलीये. उद्यापासून रोजची अंडी मोजणार.