विकलोमधली वळणं आणि पुढची परीक्षा

मागच्या नोंदीत आयबीटीपर्यंत, म्हणजे आयर्लंडमधल्या नव्या बाईकस्वारांच्या प्राथमिक प्रशिक्षणापर्यंत, आलो होतो. मधल्या काळात रोड टेस्ट पास झालो, एल छापलेलं पिवळं जॅकेट माळ्यावर गेलं, मोटरवेवर गाडी घालायची आणि मागे कुणाला बसवायची मुभा मिळाली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: भारतातलं लायसन्स आयर्लंडमध्ये बदलून मिळत नाही. कोल्हापूरहून स्पितीपर्यंत बुलेट हाणली असली तरी इथे राहायला आलात की थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, १६ तासांचं सक्तीचं आयबीटी आणि शेवटी टेस्ट, असं पहिलीपासून बसावं लागतं. सक्ती २०१० च्या डिसेंबरपासूनची. विमा कंपन्याही आपल्याकडची वर्षं सहसा धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षाचा हप्ता बघून डोळे पांढरे होतात. असो, ते रडगाणं मागे झालंय.

या सीझनचं काम वेगळं आहे. रोस्पा या ब्रिटिश सुरक्षा संस्थेच्या ॲडव्हान्स्ड रायडिंग परीक्षेची तयारी सुरू केली. लायसन्ससाठी याची गरज नाही. पण मला ब्लड बाईकवर, म्हणजे हॉस्पिटलांसाठी रक्त वगैरे पोचवणाऱ्या स्वयंसेवकांत, जायचंय आणि तिथे असं प्रमाणपत्र लागतं. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ साठीपुढचे, आयुष्यभर बाईकवर. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मी मनातल्या मनात काका म्हणतो. रविवारी सकाळी स्वतःचं पेट्रोल जाळून माझ्यामागून येतात, लॅराहला चहा घेताना शांतपणे माझी चिरफाड करतात आणि चहाचे पैसेही देऊ देत नाहीत. इथली बाईक-संस्कृती म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन. रस्त्यात समोरून येणारा मान डोलावतो, ते नंतर.

आमची शाळा म्हणजे आर ११५, सॅली गॅपचा रस्ता. मूळचा लष्करी. १७९८ च्या उठावानंतर डब्लिनच्या दक्षिणेला विकलोच्या डोंगरांत लपलेल्या बंडखोरांपर्यंत पोचायला इंग्रजांनी बांधला. सह्याद्रीचे घाट डोक्यात असतील तर हा फारच उघडा वाटेल. दोन्ही बाजूंना तपकिरी दलदल, कुंपण नाही, मेंढ्या थेट डांबरावर. आपल्या घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न हे अर्धं ब्रेकिंग असतं. इथे हॉर्न मारला की समोरच्याला ती शिवी वाटते. मग वळणाआड काय आहे हे कळायचं कसं?

उत्तर आहे लिमिट पॉइंट. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू. तो जागचा न हलता तुमच्या अंगावर येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तुमच्याच वेगाने पुढे सरकत असेल तर आहे तसंच चालू द्या. पळायला लागला की वळण उघडलं, थ्रॉटल द्या. वाचायला सोपं आहे. पण नजर आपोआप पुढच्या चाकासमोरच्या खड्ड्यावर जाते, तिला उचलून तिथे नेऊन ठेवायला महिने लागतात. वेग असा हवा की जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यातच, आपल्या बाजूला, थांबता आलं पाहिजे. एकेरी बोरीनवर, म्हणजे गावाकडच्या चिंचोळ्या रस्त्यावर, जिथे मधोमध गवत उगवलेलं असतं, तिथे निम्म्या अंतरात, कारण समोरून येणाऱ्यालाही थांबायला जागा लागते.

दुसरा धडा जागेचा. डावं वळण असेल तर मध्यरेषेकडे सरकायचं, उजवं असेल तर डाव्या कडेला, म्हणजे आत लांबवर दिसतं. यावर काकांनी पहिल्याच दिवशी अट घातली: आधी सुरक्षितता, मग पकड, दिसणं सगळ्यात शेवटी. सॅली गॅपवर डाव्या कडेला खडी आणि दलदलीतून वाहून आलेलं पाणी असतं. तिथे नजारा गेला उडत, टायरखाली कोरडं डांबर हवं.

तिसरा धडा कॉमेंटरी. दिसेल ते मोठ्याने बोलत जायचं आणि त्यावरून काय करणार तेही सांगायचं. परीक्षेला इंग्रजीतच बोलेन, पण एकटा असताना हेल्मेटमध्ये मराठी सुरू असतं. 'डावीकडे फाटक उघडं, रस्त्यावर ओल्या चिखलाचे दोन पट्टे, ताजे आहेत, म्हणजे पुढे ट्रॅक्टर. गिअर खाली.' तीन वळणांनंतर खरंच सायलेजच्या (गुरांच्या आंबवलेल्या चाऱ्याच्या) गठ्ठ्यांनी लादलेला ट्रॉलीवाला दिसला तेव्हा जो आनंद झाला, तो कुठल्याही टॉप स्पीडने दिला नसता. वेगाचं म्हणाल तर २०२५ च्या फेब्रुवारीपासून गावाकडच्या लोकल रस्त्यांची मर्यादा ताशी ८० वरून ६० किमीवर आणलीय. गटात यावर भरपूर कुरकुर झाली. मला विचाराल तर त्यातल्या बहुतेक बोरीनवर ६० सुद्धा नीट गाठता येत नाही.

ब्लड बाईकबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. रात्री आणि सुटीच्या दिवशी एका हॉस्पिटलातून दुसरीकडे रक्त, नमुने, औषधं, आईचं दूध फुकट पोचवणारे हे लोक. डब्लिनच्या बाजूला ब्लड बाईक ईस्ट, गॉलवेकडे वेस्ट, कॉर्कमध्ये साउथ. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठीचं दूध फर्मानाच्या मिल्क बँकेतून येतं, म्हणजे सीमेपलीकडून, उत्तर आयर्लंडातून. लांबचा पल्ला असेल तर एका गटाचा रायडर पेट्रोल पंपावर दुसऱ्या गटाच्या हाती पेटी देतो. सायरन लावून सुसाट जायचं हा भ्रम मात्र काढून टाका. वेग सगळ्यांसारखाच ठेवायचा. म्हणूनच त्यांना शांत डोक्याचे रायडर लागतात.

सीमा ओलांडायचा योग मलाही आला. ना नाका, ना पाटी, फक्त कडेची तुटक पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाचे आकडे किलोमीटरवरून मैलांवर जातात. ॲनालॉग मीटर असेल तर त्यावरचे मैलाचे आकडे आधीच शोधून ठेवा. गेलो होतो बॅलिमनीला, जोई डनलपच्या गावी. आइल ऑफ मॅन टीटी या नेहमीच्या रस्त्यांवर होणाऱ्या बाईक-स्पर्धेच्या २६ शर्यती जिंकलेला माणूस, एरवी व्हॅनमध्ये कपडे आणि खाणं भरून एकटाच रुमानियाच्या अनाथाश्रमांत न्यायचा. २००० साली एस्टोनियात टॅलिनला ओल्या रस्त्यावरच्या शर्यतीत गेला. गावात जोईची स्मृतिबाग आहे, शेजारीच भाऊ रॉबर्टची, तो २००८ ला नॉर्थ वेस्ट २०० या शर्यतीच्या सरावात गेला. रॉबर्टचा मुलगा विल्यम २०१८ ला स्केरीजच्या शर्यतीच्या सरावात. आणि २०२४ मध्ये काकाचा २६ चा आकडा ओलांडला तो विल्यमच्याच भावाने, मायकलने. काकांना (माझ्या) या शर्यतींबद्दल विचारलं तर ते कौतुकाने तासभर बोलतात, पण स्वतः बघायला जात नाहीत. कारण विचारलं नाही.

गाडीचा हाल: हिमालयन ४५० बरी चाललीय. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे प्रत्येक राइडनंतर गार पाण्याने धुणं आणि चेनला ल्यूब हे चुकत नाही. इथले जुने लोक एनफिल्ड दिसली की रेडिचच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या मूळ कारखान्याच्या, गोष्टी काढतात. ही चेन्नईजवळ बनते म्हटलं की खाली वाकून वेल्डिंग तपासतात आणि मान हलवतात. हीटेड ग्रिप्स बसवल्या, आधीच बसवायला हव्या होत्या असं प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हणतो.

परीक्षेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे असतात आणि दर तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. काकांच्या मते सिल्व्हरला हरकत नाही, गोल्डसाठी माझं ओव्हरटेकिंग अजून फार भिडस्त आहे. पुढचे रविवार एन ८१ वर, ब्लेसिंग्टनच्या बाजूला, तेवढंच घोटायचं ठरलंय.