लाल शाईतलं ‘लक्ष दे’

मंगळवार, रात्र

ती फुली काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

श्रुतलेखनात ‘पंचवीस’ म्हटलं, माझ्या वर्गातल्या एका मुलीनं ५२ लिहिलं. ‘सदतीस’ला ७३. ‘चौसष्ट’ला ४६. तिन्हीवर लाल फुली आणि खाली ‘लक्ष दे’. शाळा सुटताना शेजारी बसणारी मुलगी तिच्या कानाशी नुसतं ‘इरवै ऐदु’ म्हणाली आणि तिनं २५ काढलं. आधी दोन, मग पाच. खोडरबराला हातसुद्धा लावला नाही.

म्हणजे लक्ष होतंच. पूर्ण होतं. ‘पंचवीस’मध्ये आधी पाच ऐकू येतो, मग वीस, ऐकलं त्या क्रमानं हातानं लिहिलं. तिच्या घरच्या तेलुगूत वीस आधी येतो, पाच नंतर. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतही ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस-पाचच. या घरांतली बोली आणि पाटीवरचा अंक एकाच दिशेनं चालतात. उलटं बोलतो आपण, आणि फुली मात्र तिच्या वहीत.

मराठी घरातली मुलंही पहिली-दुसरीत हीच अदलाबदल करतात. फरक एवढाच की दुधाचा हिशेब, बसचं तिकीट, क्रिकेटचा स्कोअर यांतून पंचवीस-पस्तीस त्यांच्या कानावरून शेकडो वेळा गेलेलं असतं. कुणी न शिकवता ती त्यातून सुटतात आणि ‘हुशार’ ठरतात. ज्यांच्या घरात हे शब्द नाहीत, त्यांना ते फक्त शाळेत भेटतात, तेही श्रुतलेखनाच्या तासाला. हा काय न्याय झाला?

शब्द तरी किती अवघड आहेत. अकरा ते अठरामध्ये ‘दहा’ ऐकूच येत नाही. विशी-तिशी त्या मानानं बरी: बावीस, तेवीस, बत्तीस, शेवटचा तुकडा कानाला कळतो. खरी पडझड पन्नाशीत. एक्कावन्न, बावन्न, अठ्ठावन्न यांत पन्नास कुठं शोधायचा? पुढे बासष्ट आणि बाहत्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव, सगळे एकमेकांचे भाऊ. आणि एकोण. ‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहितं, कारण तीस स्पष्ट ऐकू आलं आणि शेवटी नऊ असतात एवढं त्याला आठवतं. कुणी ३१ लिहितं. ‘एक’ आणि ‘तीस’ दोन्ही ऐकलेच की त्यानं. हे एकोण एकोणनव्वदपर्यंत चालतं आणि नव्व्याण्णवला अचानक सोडून देतं. प्रत्येक चुकीला तिचं स्वतःचं कारण आहे. आणि सगळ्यांना शेरा एकच.

शेऱ्याचं पुढे काय होतं तेच जास्त सलतंय. वही घरी जाते. आई वाचते, किंवा वाचून घेते: लक्ष देत नाही म्हणे. मग शिक्षा म्हणून एक ते शंभर लिहून काढ. मूल ते पाच मिनिटांत लिहितं, कारण त्याला युक्ती सापडलेली असते. एका रकान्यात वरपासून खालपर्यंत दहा वेळा २, २, २, आणि मग शेजारी ० ते ९. एकही संख्या मनात न येता पान भरतं, पालक समाधानी, शाळाही. पाठीमागून पेन्सिल कशी चालते तेवढं पाहावं. आडवी चालली तर मूल संख्या लिहितंय, उभी चालली तर नक्षी काढतंय. आणि त्यातून मुलाला स्वतःविषयी जे कळतं... असो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मराठी बुडणार म्हणून. अठ्ठावन्न, त्र्याण्णव हे शब्द राहायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण वीस-पाच म्हटल्यानं पंचवीस मरत नाही. वीस-पाच ही पायरी आहे. आधी तिच्यावर उभं राहू द्यावं, मग पंचवीस.

हात काड्यांवर आला की हे फार लवकर सुटतं. झाडूच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचे गठ्ठे, रबरानं बांधलेले. बांधायचे मुलानंच, आयते दिले की दहा हा नुसता एक ठोकळा होतो. गठ्ठे मुलाच्या डाव्या हाताला, सुट्या काड्या उजव्या हाताला. समोर बसून मांडलं तर आपली डावी ती त्याची उजवी, म्हणून शेजारीच बसावं. ‘पंचवीस’ म्हणायचं आणि थांबायचं. लगेच लिहायला लावायचं नाही. ‘यात वीस ऐकू आला का? मग गठ्ठे किती?’ दोन गठ्ठे ठेवले, पाच सुट्या ठेवल्या, की मग पेन्सिल. त्यानंतर कार्डं: २० चं लांब कार्ड, त्याच्या शून्यावर ५ चं छोटं कार्ड झाकायचं. खाली वीस लपलेले आहेत हे मुलं पुन्हा पुन्हा उचलून बघतात. एकोणतीसला तीन गठ्ठे मांडायचे आणि एक सोडवून त्यातली एक काडी काढून घ्यायची. ती काडी हातात धरली की ‘एकोण’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पन्नाशी मात्र पाठच करावी लागते. तिथं दुसरा रस्ता नाही.

आणि ५२ लिहिणाऱ्या त्या मुलीच्या घरी आजी रोज विड्या वळते. मजुरी हजारावर, म्हणून मोजणी पक्की. वळून झाल्या की जुड्या बांधायच्या, उरलेल्या सुट्या बाजूला. हे ती रांगत होती तेव्हापासून बघतेय. जुड्या किती, सुट्या किती, हे या वर्गात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शाळा पुस्तकातून दशक-एकक शिकवते आणि जुड्यांबद्दल कधी विचारतच नाही.

रात्र झाली. चाळीस वह्या, एक तास, त्यात प्रत्येक फुलीचं कारण शोधणं होत नाही. उद्याही सगळ्यांचं होणार नाही, चार-पाच जणांचं होईल. तेवढं तरी.

तिची वही सगळ्यांत वर ठेवली आहे. ‘लक्ष दे’ खोडून भागणार नाही, खोडलेलं जास्तच दिसतं. त्याच्याखाली ‘इरवै ऐदु = २५, बरोबर’ असं देवनागरीतच लिहिलं आहे, तिच्या आईला वाचून दाखवता येईल असं. सकाळी श्रुतलेखन नाही, काड्या. रबरं आणायला हवीत, मागच्या आठवड्यातली निम्मी तुटली.