आमची वाटचाल : पेटीच्या रीडपासून वुर्लिट्झरपर्यंत

आमचं घर पेटीवाल्यांचं. वडिलांचं गिरगावात पेटी दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच मी रीड, म्हणजे पेटीत सूर काढणारी धातूची पातळ पट्टी, घासायला शिकलो. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पुढे कलिन्याचे एक गोवेकर वादक, ज्यांना आम्ही सगळे अंकल म्हणायचो, त्यांचा बंद पडलेला वुर्लिट्झर 200ए हा इलेक्ट्रिक पियानो दुकानात घेऊन आले. झाकण उघडलं तर आत 64 स्टीलच्या रीड, प्रत्येकीच्या टोकावर सोल्डरचा गोळा. गोळा घासून हलका केला की सूर चढतो, सोल्डर वाढवलं की उतरतो. पेटीत रीडला हवा हलवते, इथे नमद्याची हातोडी मारते आणि रीडचं थरथरणं शेजारची दातेरी पिकअप पट्टी विजेच्या रूपात पकडते. वडिलांनी ते बघितलं आणि म्हणाले, "घे अंगावर. आपलंच काम आहे." आमच्या इलेक्ट्रिक पियानोच्या धंद्याची सुरुवात ही अशी.

1983 साली यामाहाचा डीएक्स-7 हा डिजिटल सिंथेसायझर आला. त्यानंतर हळूहळू स्टुडिओवाल्यांनी वुर्लिट्झर आणि रोड्ससारखे इलेक्ट्रिक पियानो कोपऱ्यात सारले. जे काम मिळेल ते करत आम्ही कलिन्यात गाळा घेतला. मधल्या वर्षांत कामं येत राहिली, पोरं शिकली.

मग 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या गाळ्यात पाणी टेबलाच्या वर गेलं. गिऱ्हाइकांचे पियानो आत होते, अंकलचाही. पाणी ओसरल्यावर वाजवायच्या लाकडी पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या, हातोड्यांचे नमदे चिखलाने भरलेले, स्पीकरचे कागदी कोन गळून पडलेले. विमा नव्हता. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या.

आणि त्याच आठवड्यात उपनगरातला एक की-बोर्ड विक्रेता स्टुडिओ-स्टुडिओत फिरून सांगत होता, "पेटीवाल्यांच्या हातात दिलंत, बघा काय झालं. आता हे भंगार सोडा, डिजिटल घ्या." आमचे जुने गिऱ्हाईक आम्हाला फोनही न करता वाद्यं उचलून त्याच्याकडे घेऊन गेले. एवढ्या वर्षांत पेटीवाले म्हणून आम्हाला कोणी हिणवलं नव्हतं. तो शब्द आजही बोचतो.

अंकल मात्र गुडघाभर चिखलातून आले. म्हणाले, "अरे बाबा, भिजला म्हणून फेकायचा काय? रीड काढ, मी पुसतो." दुरुस्तीचे सगळे पैसे त्यांनी आगाऊ दिले आणि रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. आम्ही एकेक रीड स्क्रू सैल करून काढायचो, मागे नंबर घालायचो, ते नायलॉनच्या घासणीने गंज उतरवायचे. स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांची घासणी, मी त्यांना हातात घेऊ दिलं नाही, कारण त्याचा एक बारीक केस पिकअपच्या खाचेत अडकला की पियानो चुरचुरत राहतो. पट्ट्या सावलीत, पंख्याखाली वाळवल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर वाकल्या असत्या. रीड परत बसवताना प्रत्येक रीड खाचेच्या अगदी मधोमध येईपर्यंत स्क्रू आवळायचा नाही, हे अंकलच्या इतकं अंगवळणी पडलं की नंतर आमच्या पोरांना तेच शिकवायचे. त्यांचा पियानो वाजला, आणि तो ऐकूनच पुढची कामं आली.

दोन पावसाळे गेले. त्या विक्रेत्याकडे गेलेल्या वाद्यांपैकी एक आमच्याकडे परत आलं. रीडवर गंज घालवायचा स्प्रे मारलेला, तेल डॅम्परच्या, म्हणजे सूर थांबवणाऱ्या गादीच्या, नमद्यात मुरलेलं, सूर थांबायलाच तयार नाही. रीड जागेवरच घासलेल्या, किसाने पिकअपच्या खाचा भरलेल्या. कडी म्हणजे 120 व्होल्टचं यंत्र थेट आपल्या 230 व्होल्टला जोडून ट्रान्सफॉर्मर जाळलेला. ते आम्ही सुरात आणून दिलं. "तुमच्याकडेच ठेवायला हवं होतं" एवढंही स्टुडिओवाले बोलले नाहीत.

म्हणून ज्यांच्या घरी असा पियानो आहे त्यांना सांगतो. 230 व्होल्ट 120 वर आणणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय बटण दाबू नका. घरघर येत असेल तर आवाजाची कळ शून्यावर आणा. तरीही घरघर राहिली तर दोष पॉवर सप्लायकडे किंवा पॉवर अ‍ॅम्पकडे, बहुधा सुकलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग). गेली तर प्रीअ‍ॅम्प किंवा शिल्डिंग (बाहेरची घरघर अडवणारं धातूचं आवरण) बघा. चुरचुर एकाच सुराला येत असेल तर बहुधा ती रीड खाचेत एका बाजूला सरकली आहे. एखादा सूर अचानक मंद होऊन उतरू लागला तर रीडला चीर गेली आहे, ती घासत बसू नका, बदला. आणि पिकअप पट्टीवर दीडशेच्या आसपास व्होल्ट डीसी असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात. हौशी मंडळींनी आत बोट घालू नये.

रोड्सचं काम आता माझी मुलगी बघते. तिथे रीडऐवजी स्टीलची काडी असते, काडीवर बारीक स्प्रिंग सरकवून सूर लावायचा, काडी पिकअपसमोर किती वर-खाली यावरून आवाजाची जात ठरते. त्यात तिचा कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, हे मी गिऱ्हाइकांसमोर सांगतो. वुर्लिट्झर मात्र अजून माझ्याच टेबलावर येतो.

पियानो आणताना चारही पाय फिरवून सुटे करा आणि पेडल, केबलसकट, बरोबर आणा. पेडलशिवाय डॅम्पर तपासता येत नाहीत, आणि निम्मे लोक तेच घरी विसरतात.