मागची सीट

आमच्या फियाटची मागची सीट गेल्या होळीपासून व्हरांड्यात आहे. खाली चार विटा, वर सोलापुरी चादर. पेपरवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे तिच्यावर बसतात आणि सोफा केवढ्याला घेतला म्हणून विचारतात. मी ती गाडीचं वजन कमी करायला काढली, हे सांगितलं की चहा येईपर्यंत कोणी बोलत नाही. "५२व्या वर्षी माणसं स्वतःचं वजन कमी करतात, यांनी गाडीचं घेतलंय," हे बायकोचं म्हणणं.

खोडी मुलीची. पुण्याहून तिनं एक व्हिडिओ धाडला. "बाबा, तुमच्या वयाचे लोक बघा काय करतायत." अमेरिकेतला कुठलातरी मातीचा लंबगोल ट्रॅक, त्यावर १९३०च्या दशकातल्या, मडगार्डं कापलेल्या, दोन दारांच्या कूपे गाड्या धुरळा उडवत घुमतायत आणि चालवणारे सगळे टकले नाहीतर पांढऱ्या केसांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडची पोरं जुन्या गाड्या घ्यायची, नको ते कापायची, इंजिनाला खुराक द्यायची आणि शर्यत लावायची. 'नॅसकार' ही तिकडची मोटारशर्यतींची संघटना १९४८ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षीचं विजेतेपद अशाच मॉडिफाइड गाड्यांचं होतं. ते जिंकणाऱ्या रेड बायरनचा डावा पाय युद्धात जायबंदी झालेला. तो पाय क्लचच्या पेडलला अडकवून तो चालवायचा. त्या दिवसापासून मी गुडघ्याचं रडगाणं घरात गायचं बंद केलं.

गाडी दारात होतीच. वडिलांनी १९८५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात, १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअर. वडील तिला 'आपल्या गावची गाडी' म्हणायचे. कारण काय, तर १९४४ साली प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले. गाडी कुर्ल्यात तयार व्हायची, हे त्यांच्या लेखी किरकोळ होतं.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "सर, गाडी पळवायची का पूजायची, आधी ते ठरवा की."

प्रश्न रास्त होता. सरकारच्या २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली, मोठी उलथापालथ न झालेली गाडी ती व्हिंटेज. म्हणजे व्हिंटेज आणि मॉडिफाइड हे जोडपं आपल्याकडे कागदावर नांदूच शकत नाही. आमची गाडी तर वयातच बसत नाही. मी बसतो, पण दोन स्टेंट घातल्यामुळे मूळ स्वरूपात बसत नाही. शिवाय कंपनीनं बनवलेल्या गाडीत परस्पर असे बदल करून ती रस्त्यावर फिरवता येत नाही. तेव्हा ठरलं असं, की गाडी रस्त्यावर चालवायचीच नाही. अक्कलकोट रस्त्याला मित्राचा मुरमाड माळ आहे, तिथवर टोचन लावून न्यायची.

मग काढाकाढी सुरू झाली. बंपर गेले, टपावरचं कॅरिअर गेलं, दारांचे आतले पुठ्ठे गेले. कोणी हूं की चूं केलं नाही. मागची सीट उचलली आणि आई बाहेर आली. सीटखाली शेंगांची फोलं, चिंचोके, दहा पैशांची नाणी, एक क्लिप आणि कानातल्याची फिरकी. आईनं फिरकी उन्हात धरली. तुळजापूरहून येताना हरवलेली. तेव्हा घरातला कोपरा न् कोपरा झाडून झाला होता, मोलकरणीला नाही नाही ते विचारून झालं होतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सीट भंगारात द्यायची नाही." म्हणून ती व्हरांड्यात.

उलटलो तर डोकं शाबूत राहावं म्हणून आत पाइपांचा सांगाडा बसवायचा होता. पॉवरलूमचे भाग जोडणाऱ्या वेल्डरला माप दिलं, तर तो म्हणाला, "पिंजरा होतोय की. पण कोंबड्या कुठनं घालणार?" मेस्त्रींनी इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, पॉइंट, टॅपेट, कार्बोरेटर, सगळ्यांची समजूत काढली. पण त्यांचा खरा शोध वेगळाच. अमेरिकेत लंबगोलावर डावीकडेच वळतात. तिथं ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे वळणाच्या आत. वळताना गाडीचा भार बाहेर झुकतो, तेव्हा त्याचं वजन आतली बाजू दाबून धरतं. आपण बसतो उजवीकडे. "तुमचं पोट बाहेरच्या बाजूला आलं तर गाडी कलंडंल, सर. आपण उजवीकडून फिरू." म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेनं. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी बाराव्या शतकात गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, दर संक्रांतीला नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्यांना फिरून येतात. फेरी मारण्यात सोलापूरला कोणी शिकवायचं कारण नाही.

तीन गाड्या जमल्या : माझी फियाट, मित्राची अँबॅसिडर, एका डॉक्टरांची जीप. फक्कीनं लंबगोल आखला. एका वेळी एकच गाडी, हातात घड्याळ, आठ फेऱ्या. एप्रिलचा रविवार, सकाळी दहालाच माळ तव्यासारखा. पाचव्या फेरीत फियाट दोन आचके देऊन थांबली. हिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसतीच वाफ ओढत बसतो. त्यावर इलाज एकच, ओलं फडकं. मेस्त्रींनी टॉवेल मागितला. माझ्याकडे होता, निरोप समारंभात, सत्कारात मिळालेल्यांनी कपाटाचा एक खण भरलाय. असा सोलापुरी टॉवेल नखशिखांत भिजवून पंपाला गुंडाळला. पाच मिनिटांनी गाडी सुरू झाली. घड्याळ अर्थातच चालूच होतं.

माळावर एकच लिंबाचं झाड आहे. आईला शर्यत बघायची होती आणि फियाटमध्ये आता तिला जागा नव्हती. म्हणून मागची सीट टेम्पोत घालून आणलेली, लिंबाखाली मांडलेली. सहाव्या फेरीला मी तिथून गेलो, तेव्हा तिघी तिच्यावर नेहमीच्याच क्रमानं बसल्या होत्या : बायको डावीकडे, मुलगी मध्ये, आई उजवीकडे, बरोबर माझ्या सीटच्या मागं बसायची तशी. धुरळ्यातून तिचा हात तेवढा दिसला, खालीवर होणारा. हळू, हळू.