गणू की गणपत

सामन्याच्या दिवशी जाग आली की माझ्या डोक्यात पहिली येते ती रुग्णवाहिका. ती फाटकातून आत आल्याशिवाय नाणेफेक नाही. मग गोलपोस्टना गुंडाळायच्या गाद्या, मग मैदानावरच्या रेषा, मग दोन्ही संघांच्या जर्सीचे रंग. बेलग्रेडमधल्या त्या ऑक्टोबरच्या शनिवारीही मी हेच घोकत माकिशच्या मैदानावर पोचले. सावा नदीकडून गार वारा सुटला होता. रुग्णवाहिका चक्क वीस मिनिटं आधी येऊन उभी होती, ड्रायव्हर तिला टेकून सिगारेट ओढत होता. म्हटलं, आजचा दिवस सोपा जाणार.

मी पोटापाण्यासाठी यॉर्कशरमधल्या एका जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात काम करते. रग्बी लीग माझ्या आयुष्यात आलं ते मुलामुळे. हडर्सफील्डला राहायला आल्यावर तो शेजारच्या क्लबात जाऊ लागला, मी मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन उभी राहू लागले, आणि दोन वर्षांत कुणीतरी खेळाडूंच्या नोंदणीची वही माझ्या हातात दिली. कागद नीट लावणारी बाई सापडली की तिला कोण सोडतंय? वहीवरून जिल्हा, जिल्ह्यावरून युरोपातले छोटे आंतरराष्ट्रीय सामने. मॅच कमिशनर म्हणून जायचं, सगळं नियमाप्रमाणे आहे का पाहायचं, सही करायची, अहवाल पाठवायचा. मानधन नाही. नवरा याला 'तुझी वारी' म्हणतो.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हा खेळ पाच मिनिटांत समजतो. बाजूला तेरा जण. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं, पास मात्र मागेच द्यायचा. पकड झाली की उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा, पुन्हा चढाई. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. पंधरा जणांचं, ढिगाऱ्यात घुसण्याचं रग्बी ते युनियन, ते वेगळं. फारकत झाली ती आमच्याच गावात. हडर्सफील्ड स्टेशनला लागून जॉर्ज हॉटेलची इमारत आहे, तिथे २९ ऑगस्ट १८९५ ला उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले आणि वेगळे झाले. कारण साधं होतं. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या माणसाचा शनिवारचा खाडा भरून द्यायचा की नाही? सहा शिलिंग मागितले होते. लंडनकडची मंडळी म्हणाली, खेळासाठी पैसे म्हणजे बाटवाबाटवी. गिरणगावात कामगारांच्या कबड्डीवर वाढलेल्या माझ्या मामाला मी हे सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग बरोबर केलं की त्यांनी."

हा खेळ युरोपात जिथे जिथे गेला तिथे त्याला थोरल्या भावाचा, युनियनचा, जाच झाला. फ्रान्समध्ये तो १९३४ च्या सुमाराला आला आणि बघता बघता युनियनला भारी पडायला लागला. १९४१ मध्ये, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारने त्याच्यावर बंदीच घातली, मालमत्ता जप्त केली. युद्ध संपलं, बंदी उठली, पण 'रग्बी' हा शब्द वापरायला पुढे कित्येक वर्षं मनाई होती, 'तेरांचा खेळ' म्हणायचं. सर्बियात, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, १९५३ मध्ये फ्रेंचांनीच तो नेला. साठच्या दशकात सगळे क्लब युनियनकडे वळले, आणि २००१ पासून पुन्हा श्रीगणेशा. ग्रीसची तर तऱ्हाच निराळी. तिथे सरकारदरबारी मान्यताच नव्हती, त्यामुळे सामने गुपचूप, रात्री खेळायची वेळ आली. २०१९ मध्ये विश्वचषकाच्या पात्रतेचा त्यांचा 'घरचा' सामना लंडनमध्ये झाला. त्यात त्यांनी सर्बियाला ८२-६ असं धुतलं. त्या संघात ऑस्ट्रेलियात वाढलेली, आजी-आजोबांच्या नात्याने ग्रीक झालेली पोरं बरीच होती. पुढे २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी विश्वचषकात शेफील्डला इंग्लंडने त्यांना ९४-४ ने हरवलं.

आजी-आजोबांचं नातं हीच त्या शनिवारची गोष्ट आहे.

नियम असा की खेळाडू त्या देशात जन्मलेला हवा, किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणीतरी तिथे जन्मलेलं हवं, किंवा तो स्वतः सलग काही वर्षं तिथे राहिलेला हवा. बाहेरून येणाऱ्यांनीच संघ भरून जाऊ नये म्हणून छोट्या स्पर्धांमध्ये देशातल्याच लीगमध्ये खेळणारे किमान इतके हवेत, अशीही अट घालतात. कागदावर हे सोपं दिसतं.

पाहुण्या देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. हा खेळ एवढा लहान आहे की देश सांगितला की माणूस सापडतो.

त्यांच्या मॅनेजरने अकरा वाजता सतरा जणांची यादी माझ्यासमोर ठेवली. मैदानातले तेरा, बदली चार. मंजूर यादीशी एकेक नाव ताडत गेले आणि चौदाव्याला थांबले. बावीस वर्षांचा मुलगा, सिडनीत सुतारकाम करणारा, स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून आलेला. त्याच्या नावापुढे 'प्रलंबित'.

"त्याचे कागद बुधवारी रात्री पाठवलेत," मॅनेजर म्हणाला. ते आठवडाभर आधी जायला हवे होते. कुणाचा आळस, ते मी विचारलं नाही. अशा संघटनांमध्ये अध्यक्ष, चिटणीस आणि जर्सी धुणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

मी फाइल मागितली. मागायला नको होती खरं तर. पात्रता ठरवणं माझं काम नव्हे. पण नोंदणी कार्यालयातल्या बाईला जन्मदाखला दिसला की हात थांबत नाहीत. मुलाचा दाखला होता, त्याच्या बापाचा सिडनीतला दाखला होता, आणि आजीच्या गावच्या रजिस्टरचा शिक्का मारलेला उतारा होता. साखळीतली फक्त एक कडी सुटली होती. बापाच्या दाखल्यात आईचं नाव हेलन. गावच्या उताऱ्यात तिसरंच नाव, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, आणि जन्मसालात एका वर्षाचा फरक.

माझ्या पोटात गोळा आला. मला समोर हेलन दिसेना, गणू दिसू लागला.

गणू म्हणजे माझे आजोबा. शाळेच्या जनरल रजिस्टरात 'गणू तुका'. सातबाऱ्यावर 'गणपत तुकाराम'. आमच्या दादाला इंजिनिअरिंगला जागा मिळाली तेव्हा जात पडताळणीचं प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत हवं होतं. ज्या कार्यालयात आम्ही खेटे घातले त्याचं नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी विचारलं, "गणू आणि गणपत एकच कशावरून?" बाबा म्हणाले, "साहेब, गणपतला गावात गणूच म्हणतात, तुम्हाला नाही का कुणी हाक मारत?" साहेब हसले, आणि प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. मग तलाठ्याचा दाखला. मग गृहचौकशी. प्रमाणपत्र आलं ते ऑक्टोबरात. जागा तोवर दुसऱ्याची झाली होती. दादाने एक वर्ष सांगलीच्या दुकानात पाइप आणि त्यांचे जोड विकले.

आणि आता टेबलाच्या त्या बाजूला मी.

तो मुलगा दाराशी येऊन उभा राहिला होता. कानाला टेप, पायात मोजे, बूट हातात. काही बोलला नाही. त्याला कळलं होतं.

यजमानांच्या मॅनेजरने वातावरण हलकं करायला म्हटलं, "खेळू दे मॅडम. आमची काही हरकत नाही."

"लेखी द्याल?"

"लेखी कशाला?" तो हसत म्हणाला. म्हणजे आज हरकत नाही, हरलो तर उद्या आहे. त्याचं चूक म्हणत नाही, मीही तेच केलं असतं. अपात्र खेळाडू खेळला म्हणून निकाल फिरला असता, तर भुर्दंड त्या मुलाला नव्हे, अख्ख्या संघाला बसला असता.

पात्रता बघणाऱ्यांना फोन लावला. शनिवारी दुपारी कोण उचलतंय. निरोप ठेवला, ईमेल केली, वीस मिनिटं वाट पाहिली. मग चौदाव्या नावावर रेघ मारली. कागद खरे आहेत याची मला खात्री होती, तरी मारली. सहीखाली माझं नाव होतं, माझ्या खात्रीचं नव्हे. दादाच्या वेळच्या त्या साहेबांनाही कदाचित खात्री असेल, हे मला त्या टेबलाशी पहिल्यांदा सुचलं. सुचून बरं वाटलं असं नाही.

त्याच्या जागी राखीवातला एक मुलगा आला. हा पाहुण्यांच्या देशातच राहणारा, तिथल्याच विद्यापीठात शिकणारा. चार संघांच्या लीगमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर खडूने रेषा आखून खेळणारा. त्याला त्या दिवशी खेळायला मिळेल असं कुणालाच, त्यालाही, वाटलं नव्हतं. नाव पुकारलं तेव्हा तो सॅंडविच खात होता.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाहुणे हरले, जरा जास्तच फरकाने हरले. राखीव पोराला उत्तरार्धात पंधराएक मिनिटं मिळाली. पहिलाच चेंडू हातातून पुढे निसटला आणि प्रेक्षकांतून हसण्याची लाट आली. तीन मिनिटांनी त्याच्या अंगावर यजमानांचा सगळ्यात दांडगा फॉरवर्ड आला. पोराने डोकं बाजूला घेऊन त्याचे दोन्ही पाय कवळले. आमच्याकडे कबड्डीत चवड्याची पकड बघून म्हातारे मांडीवर थाप मारतात ना, तसा माझा हात आपोआप मांडीवर पडला. कमिशनरने तटस्थ राहायचं असतं. शेजारी बसलेल्या चौथ्या पंचाने न पाहिल्यासारखं केलं.

सिडनीचा मुलगा सगळा वेळ पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत होता.

आजीवाल्यांबद्दल आमच्या वर्तुळात दोन तट आहेत. एक म्हणतो, ऑस्ट्रेलियातली पोरं आणली नाहीत तर छोटे देश दरवेळी पन्नास गुणांनी हरतील, मग कोण पैसे देणार, कोणता मंत्री विचारणार? दुसरा म्हणतो, सिडनीत फोन फिरवून संघ उभा राहतो, पण घरची लीग आहे तिथेच राहते. मी दुसऱ्या तटातली. मान्यतेला, मैदानाला, अनुदानाला मायदेशी खेळणारी पोरं लागतात, विमानाने येऊन विमानाने जाणारी नव्हे. आता तर दारच अरुंद झालंय. २०२२ मध्ये खेळलेल्या विश्वचषकात सोळा संघ होते, त्यातले सात युरोपचे. २०२५ चं यजमानपद फ्रान्सने सोडलं, स्पर्धा २०२६ वर आणि ऑस्ट्रेलियाकडे गेली, संघ दहाच उरले, आणि त्यात युरोपचे दोन, इंग्लंड आणि फ्रान्स. छोट्यांनी कशाकडे बघून खेळायचं? सिडनीतल्या आजीला मिठी मारण्यापेक्षा घरच्या चार संघांचे सहा करा, असं मी बैठकांमध्ये तावातावाने बोलत आले आहे.

पण ते बोलताना माझ्यासमोर कधी बाटल्या वाहणारा सुतार नव्हता.

रात्री दोन्ही संघांचं एकत्र जेवण होतं. मांसाचे गोळे, पाव, कांदा, आणि माझ्यासाठी कुणीतरी आठवणीने आणलेली भाजलेली लाल मिरची. तो मुलगा प्लेट घेऊन माझ्यापाशी आला. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "पुढच्या वेळी काय काय आणू?"

ही भाषा मला येते. यजमानांची खजूर-तपकिरी नॅपकिन उलटून मी यादी लिहिली. आजीच्या लग्नाची नोंद. जहाजाच्या प्रवाशांची यादी. नागरिकत्व घेतलं तेव्हाचा अर्ज, त्यात बहुतेक वेळा जुनं नाव असतं. आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र. शेवटचं लिहिताना बाबांचा चेहरा आठवला.

"आजीला विचारता येईल का हे?" मी विचारलं. "म्हणजे, आहेत का त्या?"

"आहे. पण ती इंग्रजी जवळजवळ विसरली आहे. आणि मला तिची भाषा येत नाही."

दहा वाजले होते. सिडनीत रविवारची सकाळ, सात. आजी उठलेलीच असते, तो म्हणाला. फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, आणि तो दोन शब्दांत अडकला. मग त्याने मान वळवून शेजारच्या टेबलावरच्या त्या विद्यार्थ्याला हाक मारली.

राखीव पोराने फोन घेतला. बोलू लागला. बराच वेळ तिकडूनच बोलणं चाललं होतं, हा नुसता हुंकार देत होता. मधेच फोन बाजूला धरून त्याने आम्हाला सांगितलं की रजिस्टरातलं नाव बाप्तिस्म्याचं आहे, घरात ते कुणी कधीच घेतलं नाही, आणि हेलन तिला सिडनीतल्या कारखान्यातल्या मुकादमाने केलं, कारण त्याला खरं नाव उच्चारता येईना. साल का वेगळं, तर कामावर घ्यायला वय कमी पडत होतं. मी नॅपकिनवर लिहून घेतलं, सवयीने, तारखेसकट.

मग म्हातारीने काहीतरी विचारलं. पोराचे कान लाल झाले.

"काय म्हणतेय?" सुताराने विचारलं.

"विचारतेय, तू कोण? मी सांगितलं, तुमच्या नातवाच्या जागी आज मी खेळलो."

"मग?"

"मग म्हणाली, तरी हरलात?"