चड्डी कोणी सोडली?

अमळनेर तालुक्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी ज्युनिअर केजीला शिकवते. शिकवते म्हणजे निम्मा वेळ शेंबूड पुसते, डब्यांची झाकणं उघडून देते आणि ‘टीचर, शू’ अशी हाक आली की खडू टाकून उठते.

हा प्रसंग दिवाळीनंतरचा, कापूस वेचणीच्या दिवसांतला. या दिवसांत आमच्याकडे घरातली हातीपायी धड माणसं सकाळीच शेतात जातात. पोरांना व्हॅनमध्ये बसवायला आणि उतरवून घ्यायला आजी नाहीतर शेजारीण. शाळेच्या फॉर्मवर मात्र नंबर असतो बापाचा, आणि बाप असतो शेतात, जिथे रेंज नाही.

डब्याची सुट्टी झाली, सगळी पोरं हात धुवायच्या रांगेत लागली, पण एक जण जागचा हलेना. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला, नजर पाटीवर. जवळ गेले तेव्हा कळलं. चार वर्षांचा जीव, जुलाब झालेले, मोज्यांपर्यंत ओघळ आलेला. रडतही नव्हता. शेजारच्या पोरीने नाक धरलं, तशी बाकीच्यांना व्हरांड्यात डबे खायला बसवते म्हणून बाहेर काढलं. केजीची मावशी त्या दिवशी भाचीच्या हळदीला धुळ्याला गेलेली. ऑफिसातून निरोप आला, ‘शिपाईभाऊंना सांगा ना, पोरगाच तर आहे.’

शिपाईभाऊ देवमाणूस आहे, पोरं त्याच्या खांद्यावर चढतात. तरी मी नाही म्हटलं. ‘पोरगाच तर आहे’ हे वाक्य मला पटतच नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल धरतो, मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आणि आमच्याकडे ठरलेलं आहे की केजीच्या मुलांना धुणं-बदलणं मावशीने किंवा वर्गशिक्षिकेने करायचं, दार पूर्ण लावायचं नाही, दुसरी बाई हाकेच्या अंतरावर हवी, आणि झालं की लगेच वहीत नोंद. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचं उघड झालं, त्यानंतर सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी शाळेतली समिती) असे आदेश काढले. आमच्याकडेही कॅमेरे आले. ते व्हरांड्यात आहेत आणि तिथेच असावेत. मोरीत काय झालं हे सांगायला माणूस आणि वहीच लागते. असा नियम असला की उद्या कोणी बोट दाखवलं तर शिपाईभाऊही वाचतो, हे ऑफिसातल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

शिपाईभाऊने बादलीभर कोमट पाणी दारापर्यंत आणून ठेवलं आणि तो व्हरांड्यातल्या पोरांकडे गेला. सीनियर केजीच्या मॅडम दाराशी उभ्या राहिल्या. मी प्रत्येक गोष्ट आधी सांगत गेले. आता बूट काढू, आता चड्डी, आता पाणी घालते, पुढचं तू धू, मागचं मी धुते. त्याने मान डोलावली आणि तांब्या स्वतःच्या हातात घेतला. धुताना दिसलं की दोन्ही जांघा घासून लालभडक झाल्यात, एका ठिकाणी तर साल गेलेली. पाणी लागताच त्याने दात दाबले. शाळेच्या कपाटातली चड्डी घातली, खराब कपडे पिशवीत बांधले. वहीत लिहिलं: वेळ 11:40, काय झालं, कोणी धुतलं, दाराशी कोण होतं, जांघा आधीपासून लाल, औषध लावलेलं नाही. मॅडमची सही घेतली. वडिलांचा फोन लागला नाही, आईचा बंद. डायरीत इंग्रजीतच लिहायचा शाळेचा दंडक आहे. तो मोडून मी मराठीत चिठ्ठी लिहिली आणि व्हॅनवाल्याला तोंडीही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच आजी, वडील आणि चुलते फाटकात. आजीच्या हातात तीच चड्डी. रात्री अंग धुताना तिला पोराच्या जांघा दिसल्या. विचारलं तर तो म्हणाला, ‘टीचरनी चड्डी काढली.’ त्याचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. दप्तर कोणी उघडलंच नव्हतं. उघडलं असतं तरी आजीला वाचता येत नाही, आणि पोराचे आईबाप अंधार पडल्यावर घरी आलेले. व्हॅनवाल्याने निरोप दिला तो एवढाच, ‘पोरगं शाळेत घाण झालं.’

‘मन्हा नातूनी चड्डी कोनी सोडी?’ ऑफिसच्या दारातूनच आजीचा आवाज.

प्राचार्य म्हणाले, ‘आमच्या शाळेत असं काही होत नाही.’ अशा वेळी तोंडातून निघू नये असं एकच वाक्य असेल तर हेच. चुलते टेबलाकडे सरकले. मग प्राचार्यांना वाटलं, पोरालाच बोलावून सगळ्यांसमोर विचारू. मी आडवी आले. सात-आठ मोठ्या माणसांच्या घोळक्यात चार वर्षांचं पोर समोरच्याला जे हवं तेच बोलतं. आणि खरोखर काही वावगं घडलेलं असलं तर अशा चौकशीने त्याचं नुकसानच होतं.

‘मी सोडली आजी,’ म्हटलं. आजीला खुर्ची दिली, सगळं क्रमाने सांगितलं, वही वडिलांसमोर ठेवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. ‘जांघा आधीपासून लाल’ इथे ते थांबले. मग मी आजीला मोरी दाखवायला नेलं. ती दाराशी उभी राहिली, आतून बाहेर किती दिसतं ते वाकून पाहिलं, बादली पाहिली. परत येऊन आपल्या मुलाकडे, म्हणजे पोराच्या वडिलांकडे वळली. दोन दिवस पोराला पातळ होत होतं, सुनेला सांगत होते नको पाठवू, पण वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून धाडलं, हे सगळं अहिराणीत, एका दमात. वडील खाली मान घालून बसले.

नंतर स्टाफरूममध्ये एक-दोघी चिडलेल्या होत्या. पोराची घाण काढायची आणि वर हे ऐकून घ्यायचं! मला काही तसं वाटलं नाही. माझ्या लेकीच्या अंगावर असं लाल दिसलं असतं तर मीही फाटकात उभी राहिले असते, आणि माझ्या हातात चड्डीऐवजी मोबाईल असता. राग आला तो त्या इंग्रजी डायरीचा.

प्राचार्यांनी तेवढ्यात संमतीपत्राचा कागद टाईप करून आणला, इंग्रजीत. शाळेवर जबाबदारी नाही, पालकांची हरकत नाही, वगैरे. वडील सही करायला निघाले तर आजीने हात धरला. ‘पोऱ्याले धुवाले कागद कसाले लागस? धुवा. पन त्याच दिन मले सांगनं पडी.’

तो कागद तसाच पडून राहिला. त्याऐवजी मी प्रवेशफॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं: व्हॅनमधून पोराला उतरवून कोण घेतं, त्या माणसापर्यंत निरोप कसा पोचेल, कपडे बदलायची वेळ आली तर कोणी बदललेले चालतील, कुठे दुखणं-खुपणं आहे का. पुढच्या आठवड्यात सगळ्या पोरांच्या घरून हेच मागवलं. निम्म्या घरांतून बापाच्या नंबरऐवजी दुसराच नंबर आला. आता असं काही झालं की मावशी अहिराणीत आवाजी निरोप रेकॉर्ड करून पाठवते, माझ्यापेक्षा तिचं लोकांना पटकन कळतं. प्राचार्यांना ते अजून रुचलेलं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, असं ते अधूनमधून आठवण करून देतात.

या आजीने दिलेला नंबर गावातल्या किराणा दुकानाचा होता. दुकानदार तिला हाक मारतो. ‘दुपारनं दुकान बंद ऱ्हास,’ तिने बजावलं, ‘एकना आत फोन कर जो.’